पूर्वपक्ष कोणाचा? : ख्रिस्ती धर्ममंडनाच्या काही व्यक्तिगत शैली

न्यायशास्त्राने कथेचे, म्हणजे शास्त्रीय संवादाचे, तीन प्रकार मानले आहेत : तत्त्वबोधासाठी केला जाणारा वाद, विजयासाठी केला जाणारा जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी वितंडा. एकोणिसाव्या शतकातील हिंदू-ख्रिस्ती धर्मचर्चेचा अभ्यास बहुधा आशयाच्या अंगाने होतो. कोणी कोणता आक्षेप घेतला आणि त्याला काय उत्तर मिळाले, याची नोंद होते. ही कथा तीनांपैकी कोणत्या जातीची होती, आणि ख्रिस्ती पक्ष मांडणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात स्वतःला कोठे उभे केले, हा प्रश्न मागे राहतो. वाङ्मयेतिहासात 'ख्रिस्ती वाङ्मय' असा वेगळा कप्पा करून ठेवला की या प्रश्नाची निकडही उरत नाही. वस्तुतः तो शैलीचा प्रश्न आहे. धर्ममंडनाची शैली मंडनकर्त्याच्या पांडित्यावरून किंवा स्वभावावरून जेवढी ठरते, त्याहून अधिक ती त्याने आपला पूर्वपक्ष कोठे पाहिला यावरून ठरते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जॉन विल्सन यांचा पूर्वपक्ष समोरच्या आसनावर बसलेला होता. १८३१ साली मुंबईत मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला, दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिली आणि विल्सन यांनी पुढच्याच वर्षी तिला ग्रंथरूपाने उत्तर दिले. पुराणातील देवतांच्या नीतीवर बोट ठेवायचे आणि प्रतिपक्षाला त्याच्याच ग्रंथांच्या कोंडीत धरायचे, ही त्यांची रीत. तिची मर्यादा १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी उघड झाली. विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी तेच शस्त्र उलटे धरले आणि बायबलातील कथांची तशीच उलटतपासणी आरंभिली. जल्पात हत्यार कोणाच्याही हाती जाऊ शकते. या वादांनी मराठी गद्याला तर्काचा व्यायाम घडविला हे खरेच, परंतु दोन्ही पक्ष आपापल्या जागेवरून तसूभरही हलले नाहीत.

बाबा पदमनजी यांची तऱ्हा निराळी. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाने पूर्वपक्ष शास्त्र्यांच्या सभेतून उचलून घराच्या माजघरात नेला. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कथेत विधवांची दैन्यावस्था हाच मुख्य युक्तिवाद आहे. त्यातील संवाद मात्र अनेकदा प्रश्नोत्तरावलीसारखे चालतात, आणि प्रतिपक्षाच्या तोंडी लेखकाला सोयीचेच प्रश्न येतात. 'अरुणोदय' या आत्मचरित्राचा वकूब मोठा आहे, कारण तेथे शंका घेणारा आणि उत्तर शोधणारा एकच माणूस आहे.

हीच गोष्ट नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे पुढील काळातील फादर नेहेमिया गोऱ्हे (१८२५–१८९५), यांच्या बाबतीत विलक्षण टोकाला गेलेली दिसते. त्यांचे मुख्य लेखन संस्कृत, हिंदी व इंग्रजी या भाषांत असल्याने मराठी समीक्षेने त्यांच्याकडे फारसे वळून पाहिलेले नाही. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताची सुरुवात ख्रिस्ती धर्माचा विरोधक म्हणून झाली. जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू शास्त्रांना आव्हान दिले होते. त्याला ज्या पंडितांनी उत्तरे दिली त्यांत विशीच्या आसपासचे नीलकंठशास्त्री होते. त्यांच्या 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या ग्रंथातील आक्षेप वरवरचे नाहीत. जन्मतःच एकाला सुख आणि एकाला दुःख का, याचे उत्तर कर्म आणि पुनर्जन्म मानल्याशिवाय कसे देणार? ईश्वर दयाळू असेल तर ज्यांचा शेवट नरकात व्हायचा आहे असे जीव त्याने निर्माण तरी का करावेत? अल्प आयुष्यातील पापाला अनंत शिक्षा, हा कोणता न्याय?

१८४८ साली जौनपूर येथे याच गृहस्थांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरचे त्यांचे सारे लेखन जणू या तरुण शास्त्र्याला उद्देशून आहे. १८६८ मध्ये त्यांनी अनंत दंडाच्या ख्रिस्ती सिद्धान्ताच्या समर्थनार्थ स्वतंत्र निबंध लिहिला. स्वभावाने मवाळ, विरक्त वृत्तीच्या माणसाने नेमका नरकाचाच कैवार घ्यावा, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सर्वांत बळकट पूर्वपक्ष त्यांनी स्वतःच एकेकाळी मांडला होता आणि त्याला टाळून पुढे जाणे त्यांच्या प्रामाणिकपणाला मानवणारे नव्हते. मुंबई-पुण्याच्या ब्राह्म व प्रार्थनासमाजी मंडळींपुढे त्यांनी केलेल्या विवेचनातही हीच वृत्ती आहे. प्रार्थनासमाजाला ईश्वराचे वात्सल्य हवे होते, दंड नको होता. गोऱ्ह्यांना ही निवड फार सोपी वाटे.

'षड्दर्शनदर्पण' (१८६०) या हिंदी ग्रंथाची रचना पाहिली म्हणजे हा स्वभाव शैलीत कसा उतरतो ते कळते. वेदान्तातील पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या सत्तात्रयाची मांडणी ते इतक्या निगुतीने करतात की काही काळ आपण वेदान्ताचाच पाठ ऐकत आहोत असे वाटावे. मग प्रहार होतो, तोही त्या मांडणीतील अंतर्विरोधावर. विल्सन पुराणांतील कथा उचलतात, गोऱ्हे प्रमेय उचलतात. प्रतिपक्षाला त्याच्या सर्वांत समर्थ रूपात उभे करावे, हा शास्त्रीय परंपरेचा संकेत त्यांनी धर्मांतरानंतरही मोडला नाही. धर्म बदलला, पण वादपद्धती काशीचीच राहिली. या शैलीची किंमतही त्यांनी मोजली. शंकेने त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. ज्याने पूर्वपक्ष इतका नीट जपून ठेवला आहे, त्याला तो वेळोवेळी भेटणारच. वादाच्या न्यायशास्त्रीय अर्थाला सर्वांत जवळचे लेखन या साऱ्या चर्चेत कोणाचे असेल तर ते गोऱ्ह्यांचे आहे, असे मी मानतो. त्यांचे निष्कर्ष मला पटत नाहीत, ही गोष्ट अलाहिदा.

पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माचे बौद्धिक आकलन होण्यात गोऱ्ह्यांच्या पत्रांचा वाटा मोठा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. परंतु १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी जी वाद करण्याची रीत अंगीकारली, तिचा पूर्वपक्ष हिंदू पंडित नव्हताच. सिस्टर जेराल्डिन, चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील आणि इतर हितचिंतक यांच्याशी त्यांचा जो इंग्रजी पत्रव्यवहार झाला, तो अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यात रमाबाई आपल्या श्रद्धेचा बचाव करतात तो चर्चच्या अधिकाऱ्यांपासून. त्रैक्याचा सिद्धान्त बायबलमध्ये कोठे सांगितला आहे? क्रूसावर लॅटिन अक्षरेच का असावीत, संस्कृत का नसावीत? पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास मला मज्जाव करण्याचा अधिकार बिशपांना कोणी दिला? जेराल्डिन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला आणि जातीचा पीळही दिसला. आज वाचताना दिसते ते वेगळेच. आश्रयदात्यांच्या घरी राहून, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच ग्रंथाचा आधार घेऊन एक परकी विधवा त्यांना प्रमाण मागते आहे. खाण्याच्या पथ्यापासून ईश्वराच्या स्वरूपापर्यंतचे विषय एकाच पत्रात शेजारी शेजारी येतात, आणि ही सरमिसळ हेच त्या शैलीचे बळ आहे. श्रद्धा आणि अंकितपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे एकच विधान त्या नाना परींनी सिद्ध करीत राहतात. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावला त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य स्त्रीला कळेल अशी साधी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह या जुन्या पत्रांच्या उजेडात वाचावा.

नारायण वामन टिळक यांनी वादाची बैठकच मोडली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन ही साधने हाती घेतली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी सप्ताहाला बसणाऱ्या श्रोत्याला 'षड्दर्शनदर्पण' पेलणार नाही, पण टाळाच्या ठेक्यावर आलेला ख्रिस्त त्याला निदान अनोळखी वाटणार नाही. ही या शैलीची कमाई. मात्र तिच्यात पूर्वपक्षाला जागाच नाही. पुलावरून चालणाऱ्याला दोन्ही काठ सारखेच आपले वाटतात. मग पलीकडे जायचेच कशाला, असे कोणी विचारले तर अभंगाकडे उत्तर नसते. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडताना टिळकांनी या प्रश्नाला आचरणाने सामोरे जाण्याचा प्रयत्न केला. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले.

हा प्रश्न विचारणारी व्यक्ती मात्र टिळकांच्या घरातच होती. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० साली. मधल्या काळातील विरह, सोवळे-ओवळे, रुसवे, आणि जातिभेद माणसाने केलेला आहे हा त्यांना स्वतःलाच लागलेला शोध, हे सारे 'स्मृतिचित्रे'मध्ये आले आहे. टिळकांच्या युक्तिवादाने आपले मन वळले, असे चित्र त्या ग्रंथातून उभे राहत नाही. वर उल्लेखिलेल्या सर्व लेखनात मंडनकर्ता पूर्वपक्षाचे चित्र रेखाटतो. येथे लेखणी पूर्वपक्षाच्या हाती आहे, आणि उतावळे, भोळे, उदार, कधी हास्यास्पद असे मंडनकर्त्याचे चित्र पूर्वपक्ष रेखाटतो आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे पूर्ण केले तेही लक्ष्मीबाईंनीच.