पडद्यावरचे गिरणगाव आणि आमची माणसे

काळाचौकी म्हटले की बाहेरच्या माणसाला आधी गिरण्यांची धुराडी आठवतात आणि मग टोळीयुद्ध. यातली दुसरी आठवण बव्हंशी सिनेमाने दिलेली आहे. म्हणून गरीब वस्तीतला माणूस चित्रात किंवा पडद्यावर येतो तेव्हा त्याच्या हातात काय असते, हे तपासणे आम्हांला गरजेचे वाटते.

महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावर आधारलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाने मोडून पडलेल्या एका घराची ही कथा. नाटक चाळीतल्या खोलीतच राहते, म्हणून बेकारीचा कोंडमारा प्रेक्षकाला सोसावा लागतो. सिनेमा खोलीबाहेर पडतो आणि पिस्तुलामागे धावू लागतो. गिरणी का बंद पडली, हा प्रश्न मग गोळीबाराच्या आवाजात विरतो. सीमा बिस्वास यांची आई तेवढी मनात राहते.

सईद मिर्झांच्या ‘सलीम लंगडे पे मत रो’ (१९८९) मध्येही नायक गुंडच आहे. पण इथे सलीमचा बाप बेकार गिरणीकामगार आहे आणि बहिणीसाठी आलेले स्थळ, अस्लम, उर्दू वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. तुटपुंज्या पगारात ताठ मानेने जगणारा हा शिकलेला तरुण सलीमला विचार करायला लावतो. मोहल्ल्यात गुंड असतो तसा अस्लमही असतो, एवढे साधे सत्य दाखवायला आमच्या सिनेमाला इतकी वर्षे लागली.

चित्रकलेत सुधीर पटवर्धन वेगळे वाटतात. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत त्यांनी ही माणसे रंगवली. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) पाहताना कणव मागितली जात नाही, भीतीही घातली जात नाही. माणूस आपल्या शरीराच्या वजनासह समोर असतो.

तरीही एक जागा रिकामीच आहे. गिरण्यांच्या साळखात्यात मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, या सबबीवर दलित कामगारांना त्याच खात्यापासून दूर ठेवले जाई. हा विणकर आणि हा दलित कामगार, दोघेही पडद्यावर क्वचितच येतात. मुसलमान आला तर चाकू घेऊन येतो, धोटा घेऊन नाही.

आमच्या वर्गातली मुले सिनेमातल्या भाईचे संवाद घडाघडा म्हणतात, अस्लमची नक्कल कुणी करत नाही. दोष मुलांचा नव्हे. जे वारंवार दाखवले जाते, त्याचीच नक्कल होते. ज्यांचे आजोबा साच्यावर उभे राहिले, त्या घरांतल्या लेखकांनी आता त्या आजोबांबद्दल लिहिले पाहिजे. कॅमेरा त्यानंतर तरी तिकडे वळेल.