अवकाशीय विश्लेषणातील ‘शेजार’ : बोलीभूगोलाच्या अध्यापनाची एक समीक्षा

१

भाषाविज्ञान आणि भूगोल ह्या दोन शास्त्रांचा सहवास जुना आहे. गेओर्ग वेंकर ह्यांनी १८७६ मध्ये ऱ्हाइनलँडमधील शाळामास्तरांकडे ठराविक वाक्ये पाठवून त्यांची स्थानिक बोलीतील रूपे मागविली, आणि त्यातून जर्मन बोलींच्या नकाशांचे प्रचंड कार्य उभे राहिले. फ्रान्समध्ये झील्येराँ ह्यांच्या योजनेनुसार एदमाँ ह्यांनी ६३९ ठिकाणी स्वतः जाऊन सामग्री गोळा केली. तिच्यावर आधारलेले नकाशे १९०२ ते १९१० ह्या काळात प्रसिद्ध झाले. पुढे १९७१ मध्ये झाँ सेगी ह्यांनी गॅस्कनीतील गावांमधील शब्दभेद मोजून तो भौगोलिक अंतराशेजारी मांडला. अंतर वाढते तसा शब्दभेद प्रथम झपाट्याने वाढतो व पुढे त्याची वाढ मंदावते, असे त्यांना दिसले. नकाशा हा केवळ चित्राचा विषय न राहता मोजमापाचा विषय झाला तो येथे.

आज हे मोजमाप भौगोलिक माहिती प्रणालीच्या साहाय्याने काही क्षणांत होते. क्यू-जीआयएस किंवा जिओडा ह्यांसारखी साधने विनामूल्य मिळतात, आणि भाषाविभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही ती हाताळता येतात. ही सोय स्वागतार्ह आहे, ह्यात शंका नाही. तथापि ‘प्रगत’ अवकाशीय विश्लेषण ह्या नावाखाली जे शिकविले जाते, त्यात प्रगत काय असते, ह्याचा विचार व्हावयास हवा. सामान्यतः अशा पाठांचा क्रम सामग्री भरणे, स्तर एकमेकांवर ठेवणे, एखादा निर्देशांक काढणे आणि रंगीत नकाशा छापणे असा असतो. ह्या क्रमात विद्यार्थी पुष्कळ क्रिया करतो. परंतु ज्या एका निर्णयावर सर्व उत्तर अवलंबून असते, तो निर्णय बहुधा त्याच्या हातून होतच नाही. कोणते स्थान कोणत्या स्थानाच्या ‘जवळ’ मानावयाचे, हा तो निर्णय होय.

२

वॉल्डो टॉब्लर ह्यांनी १९७० मध्ये मांडलेले तत्त्व ह्या विषयाच्या पहिल्या पाठात सांगितले जाते. जवळच्या वस्तूंमधील संबंध दूरच्या वस्तूंमधील संबंधापेक्षा दाट असतो, असा त्याचा आशय आहे. तत्त्व निर्दोष दिसते. पण ‘जवळ’ ह्या शब्दाचा अर्थ त्यात दिलेला नाही. तो अभ्यासकाने पुरवावयाचा असतो. पी. ए. पी. मोरन ह्यांनी १९५० मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलेल्या स्वसहसंबंधाच्या निर्देशांकात हा अर्थ भारांच्या तक्त्याच्या रूपाने येतो. कोणत्या दोन गावांची तुलना करावयाची आणि तिला किती वजन द्यावयाचे, हे तो तक्ता ठरवितो. तक्ता बदलला की सामग्री तीच असूनही उत्तर बदलते. हे विधान वर्गात पुष्कळदा केले जाते. ते प्रत्यक्ष करून मात्र क्वचितच दाखविले जाते.

एक कल्पित उदाहरण घ्यावे. सह्याद्रीच्या पश्चिमेस, कोकणात, ‘क’ आणि ‘ख’ ही दोन गावे आहेत. घाटमाथ्यावर त्यांच्या अगदी समोर अनुक्रमे ‘ग’ आणि ‘घ’ ही दोन गावे आहेत. डोंगराच्या आरपार सरळ रेषेने क–ग आणि ख–घ ही अंतरे १२ किलोमीटर, तर डोंगराला समांतर क–ख आणि ग–घ ही अंतरे ३० किलोमीटर आहेत. एक विशिष्ट रूप कोकणातील दोन्ही गावांत आढळते, घाटावरील दोन्ही गावांत आढळत नाही. आढळ म्हणजे १ आणि अभाव म्हणजे ० धरल्यास सरासरी ०.५ येते, आणि चारही गावांचे सरासरीपासूनचे विचलन अधिक किंवा उणे ०.५ राहते.

आता सरळ रेषेने सर्वांत जवळचे एक गाव तेवढा शेजार मानला, तर क–ग आणि ख–घ ह्या जोड्या पडतात. दोन्ही जोड्यांत विचलने विरुद्ध चिन्हांची असल्यामुळे निर्देशांक उणे १ येतो. म्हणजे शेजारी गावे भाषेने परस्परविरोधी आहेत! जा-ये, बाजार आणि सोयरिकी ह्यांवरून शेजार ठरविला, तर क–ख आणि ग–घ ह्या जोड्या पडतात, आणि निर्देशांक अधिक १ येतो. म्हणजे शेजारी गावे भाषेने पूर्णपणे एकरूप आहेत. आणि ३० किलोमीटरपर्यंतची सर्व गावे शेजारी मानली, तर चार जोड्या पडून त्यांतील दोन दोहोंना खोडतात; निर्देशांक शून्य येतो. चार गावांवरून कोणतेही अनुमान काढावयाचे नसते, हे उघड आहे. परंतु यंत्रणा कशी चालते, हे समजण्यास चार गावे पुरेशी आहेत. सामग्री एक, सूत्र एक, आणि उत्तरे तीन.

सांख्यिकीय सार्थतेची कसोटी लावली म्हणजे हा प्रश्न सुटतो, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. सार्थतेची कसोटी स्वीकारलेल्या शेजाराच्या चौकटीतच लागते; ती चौकट योग्य की अयोग्य, ह्याविषयी ती काही सांगत नाही. विद्यार्थ्याने स्वतः काही ठरविले नाही, तर बहुतेक साधने आपला पूर्वनियोजित पर्याय घेऊन पुढे जातात. तो पर्याय सामान्यतः सरळ रेषेतील अंतराचा किंवा सीमांच्या सलगतेचा असतो. पक्ष्याला तो मानवेल. घाट चढून बाजाराला जाणाऱ्या माणसाला तो लागू पडतोच असे नाही. महाड आणि भोर ह्यांच्यामध्ये वरंध घाट उभा आहे. उलट दाभोळ आणि धोपावे ह्यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी असूनही तरीने ती गावे जोडलेली आहेत. आणि गिरणगावात पिढ्यान् पिढ्या चाकरमानी पाठविणाऱ्या रत्नागिरीकडील खेड्याला परळ-लालबाग जवळ की तालुक्यापलीकडचे घाटावरचे गाव जवळ, हा प्रश्न मोजपट्टीने सुटणारा नाही.

नॉर्वेतील बोलींसंबंधी शार्लोटे खोस्केन्स ह्यांनी केलेले काम ह्या संदर्भात बोधप्रद आहे. डोंगर आणि खाड्या ह्यांनी तुटलेल्या त्या देशात बोलीभेदाचा मेळ सरळ रेषेतील अंतरापेक्षा १९०० च्या सुमारास प्रवासाला लागणाऱ्या वेळाशी अधिक चांगला बसतो, असे त्यांना आढळले. बोली घडली त्या काळच्या वाटा पाहावयाच्या, आजचे बोगदे आणि पूल नव्हेत, हे त्यातील मर्म होय.

३

शेजाराचा प्रश्न दोन बिंदूंमधील संबंधाचा आहे. त्याच्या आधीचा प्रश्न बिंदूचाच आहे, आणि भाषाविभागातील अध्यापनाने तो भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांवर सोपवून चालणार नाही. पर्जन्यमापकाच्या ठिकाणी पावसाचा एकच आकडा असतो. सोन्याच्या खाणीतील खडकाच्या नमुन्यात सोन्याचे एकच प्रमाण असते. दोन नमुन्यांमधील जागेतही खडक असतोच, म्हणून डी. जी. क्रीगे ह्यांच्या दक्षिण आफ्रिकेतील खाणकामातून निघालेली अंतर्वेशनाची पद्धती तेथे सयुक्तिक ठरते. बोली जमिनीत नसते. ती माणसांच्या तोंडी असते. निर्मनुष्य अरण्याला बोली नाही. तरीही ह्याच पद्धतीने काढलेल्या बोलीनकाशात सह्याद्रीचा माथा आणि कोयनेचा जलाशय ह्यांनाही रंग मिळतो.

ह्याहून गंभीर अडचण वस्तीच्या आतच आहे. गम्पर्झ आणि विल्सन ह्यांनी १९७१ मध्ये ज्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते सांगली जिल्ह्यातील कुपवाड हे गाव भाषाविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परिचित आहे. तेथे कानडी, मराठी आणि उर्दू बोलणारे समाज शतकानुशतके एकत्र नांदत आले, आणि त्यांच्या भाषांची वाक्यरचना परस्परांच्या इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दास शब्द ठेवून रूपांतर करता यावे. शब्दसंग्रह मात्र वेगळे राहिले. नकाशावर कुपवाड हा एक बिंदू आहे. त्याला एक रंग द्यावयाचा तर कोणता? वाक्यरचना पाहिली तर गाव एक आहे. शब्द पाहिले तर तीन आहेत. गम्पर्झ ह्यांनीच १९५८ मध्ये उत्तर भारतातील एका खेड्याच्या अभ्यासात बोलीभेद जातिभेदाशी निगडित असल्याचे दाखविले होते. अशा ठिकाणी गावाची सरासरी काढणे म्हणजे जे शोधावयाचे तेच पुसून टाकणे होय.

मराठीच्या अभ्यासकांना ही जाणीव नव्हती असे नाही. अ. मा. घाटगे ह्यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेतील पुस्तकांची नावेच ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी, दक्षिण कानड्यातील कोकणी : कोठे समाज आणि स्थान मिळून घटक झाला आहे, कोठे भाषा आणि प्रदेश मिळून. ही सर्व वर्णने एकाच जातीचे बिंदू म्हणून नकाशावर ठेवणे म्हणजे त्या नावांतील अर्धा भाग गाळणे होय. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था ह्यांच्या संयुक्त सर्वेक्षणातून अलीकडे महाराष्ट्रातील बोलींची ध्वनिमुद्रणे व नकाशे सर्वांना खुले झाले आहेत. अशी सामग्री हाती असताना वर्गातील विश्लेषण कोणत्या घटकावर उभे आहे, हे विचारणे अधिकच अगत्याचे ठरते.

४

घटकाचा प्रश्न केवळ शास्त्रीय शिस्तीचा नाही. सामग्री कोणत्या आकाराच्या क्षेत्रांत एकत्र केली, त्यावर निष्कर्ष बदलतो, हे गेलके आणि बील ह्यांनी १९३४ मध्येच दाखविले होते. स्टॅन ओपनशॉ ह्यांनी १९८४ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. मराठी वाचकाला हा सिद्धान्त दुसऱ्याच नावाने ठाऊक आहे. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये सीमा आखताना सामान्यतः जिल्हा हा घटक मानला. आंध्र आणि मद्रास ह्यांच्या सीमातंट्यात पाटसकर ह्यांनी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत ही सूत्रे स्वीकारली. महाराष्ट्राने बेळगावच्या बाबतीत तीच सूत्रे लावण्याची मागणी केली. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने अमान्य केला. ह्या वादात कोणाची बाजू न्याय्य, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की ‘घटक कोणता’ आणि ‘सलग म्हणजे काय’ हे दोन तांत्रिक वाटणारे प्रश्न लक्षावधी माणसांच्या शाळेची आणि कचेरीची भाषा ठरविणारे प्रश्न आहेत. विद्यार्थी जो नकाशा परीक्षेसाठी काढतो, तो विभागाबाहेर पडला की त्यावरील रेषा पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. रेषेबरोबर तिच्यामागील गृहीतक प्रवास करीत नाही.

५

ह्या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की शेजार अभ्यासकाने ठरवावयाचा, तर तो आपल्याला हवे ते उत्तर येईल असाच शेजार ठरवील. आक्षेप खरा आहे. बोली सारखी म्हणून गावे शेजारी मानावयाची, आणि गावे शेजारी म्हणून बोली सारखी असे सिद्ध करावयाचे, हा चक्रक दोष होईल. त्यावर उपाय म्हणजे शेजार भाषिक सामग्री पाहण्यापूर्वी आणि भाषेबाहेरील पुराव्यावरून निश्चित करणे. असा पुरावा दुर्मिळ नाही. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये घाटवाटा, बंदरे आणि व्यापार ह्यांची माहिती आहे. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे आहेत. आठवड्याच्या बाजाराचे वार आणि सोयरिकींची गावे निवेदकाला विचारता येतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. भाषेच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची पूर्वतयारी नसते. एका सत्रात साधन शिकवावे की हा ऊहापोह करावा? परंतु साधन वर्षागणिक बदलते. निर्णयाची सवय टिकते. शिवाय तयारी नसलेल्यालाच पूर्वनियोजित पर्यायाचा धोका अधिक असतो. महाराष्ट्र नकाशाच्या एका प्रचलित प्रक्षेपणात दोन पट्ट्यांत विभागला जातो : ७८ अंश रेखावृत्ताच्या अलीकडे अमरावती, पलीकडे वर्धा आणि नागपूर. ज्या विद्यार्थ्याला हे ठाऊक नाही, तो दोन पट्ट्यांतील सहनिर्देशक एकत्र करून वऱ्हाडी आणि नागपुरी ह्यांच्यातील अंतरे मोजील, आणि साधन त्याला निमूटपणे आकडे देईल.

तेव्हा अध्यापनाचा क्रम उलटा करणे इष्ट होय. प्रथम दहा गावांचा शेजार विद्यार्थ्याने कागदावर लिहावा आणि प्रत्येक जोडीपुढे कारण नमूद करावे. नंतर ते तक्ते संगणकात घालून निर्देशांक काढावा. त्यानंतर सरळ रेषेच्या अंतराने तोच पुन्हा काढावा. दोन उत्तरे जुळली तर निष्कर्षाला बळ येते. न जुळली तर त्या फरकाचे स्पष्टीकरण हेच संशोधन ठरते. परीक्षेतही एक सुबक नकाशा मागण्याऐवजी दोन नकाशे आणि त्यांतील फरकाचे एक पान मागावे, आणि अधिक गुण त्या पानाला असावेत. वेगवेगळे शेजार घेऊन तेच गणित पुनःपुन्हा करणे वेंकर किंवा झील्येराँ ह्यांना अशक्य होते. आज ते एका तासाचे काम आहे. भौगोलिक माहिती प्रणालीचे बोलीभूगोलाला खरे देणे हेच होय, आणि सध्याच्या पाठांत नेमका त्याचाच उपयोग सर्वांत कमी केला जातो.