जोगळटेंभीचीं नाणीं विजयनाणीं काय?

नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें इ. स. १९०६ मध्यें सांपडलेल्या रुप्याच्या नाण्यांस आमची संग्राहकमंडळी 'गौतमीपुत्राचीं विजयनाणीं' म्हणते, व रोमन सम्राटांच्या नाण्यांशीं त्यांची तुलना करते. ही तुलना आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

ऑगस्टसाच्या इ. स. पू. २८ च्या देनारियसावर सुसर असून 'ईजिप्त जिंकला' अशीं अक्षरें आहेत. इ. स. ७० त जेरुसलेम पडल्यावर वेस्पासियनानें पाडलेल्या नाण्यांवर विजयस्तंभापाशीं शोक करीत बसलेली यहुदी स्त्री दिसते. जित कोण, हें तेथें नाणेंच सांगतें. जोगळटेंभीच्या सुमारें १३,२५० नाण्यांपैकीं ९,००० हून अधिकांवर दुसरा ठसा आहे. मूळ नाण्यावर नहपानाचें मुख व ग्रीक अक्षरें, पाठीवर बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. त्यांवर सातवाहनानें एकीकडे चैत्य व स्वतःचें नांव, दुसरीकडे उज्जयिनीचिन्ह उठविलें. जयाचा एक शब्दहि नाहीं! क्षहरातांचा वंश निःशेष केल्याची घोषणा आहे ती नाशिकच्या लेण्यांत, गौतमी बलश्रीच्या शिलालेखांत.

शत्रूचा अपमानच करावयाचा तर नाणीं आटवितां आलीं असतीं. तसें न करतां, खालचें मुख अर्धवट दिसत राहील असा ठसा मारला, याचा अर्थ तें रुपें चलनांत राहावें हाच हेतु. नहपानाचा जांवई ऋषभदत्त याच्या लेखांत ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे. एवढा पैसा ज्या प्रांतांत खेळत होता तेथें नव्या राजास तो बाद करणें परवडणारें नव्हतें. ऋषभदत्ताच्या ताब्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत गौतमीपुत्रानें आपल्या १८ व्या वर्षीं भिक्षूंस दिलें. शेत तेंच, धनी बदलला, नाण्याचेंहि तसेंच.

आमच्या भोर-वेल्ह्याकडे शिवराई दाखवून 'हें तोरण्याच्या विजयाचें नाणें' असें सांगणारे भेटतात. तिच्यावर 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' एवढेंच असतें. ही पदवी इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाची. तोरणा त्यापूर्वीं पाव शतकाहून अधिक आधीं हातीं आला होता.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. विजयाच्या कल्पनेनें भारलेले कित्येक संग्राहक नहपानाचें स्वच्छ मुख तेवढें जवळ ठेवतात व दुहेरी ठशाचें नाणें 'झिजलेलें' म्हणून विकतात, क्वचित् घासून खालचा चेहरा उघडा करूं पाहतात. पुरावा आहे तो त्या दुहेरी ठशांतच. ज्यांच्या संग्रहीं अशीं नाणीं असतील त्यांनीं तीं न घासतां, कोणता ठसा वर व कोणता खालीं याची नोंद वजनासह संशोधन-मंडळाकडे पाठवावी.