सुंठ, सुमाट्रिप्टान आणि ‘फरक आढळला नाही’

पीएचडीच्या पहिल्या वर्षी आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एक पेपर मोठ्या हौसेनं मांडला होता. इराणमधल्या संशोधकांचा, 2014 सालचा, ‘फायटोथेरपी रिसर्च’मधला. मायग्रेनच्या 100 रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीनं दोन गट केले. एका गटाला सुंठीची पूड, दुसऱ्याला सुमाट्रिप्टान. दोन तासांनी दोन्हीकडे डोकं दुखायचं बरंच कमी झालं, आणि गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. माझ्या शेवटच्या स्लाइडवर सहाणेचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘आजी बरोबर होती.’

मागून एका सीनियरनं विचारलं, “प्लासिबोचा गट कुठंय?”

नव्हताच. आणि मला तो नाही हे दिसलंही नव्हतं! म्हणून आज तोच पेपर तुमच्यासोबत पुन्हा वाचते.

आधी चांगलं सांगते. वाटप यादृच्छिक होतं, आणि कोणाला काय दिलंय हे रुग्णांपासून आणि तपासणाऱ्यांपासून लपवलेलं होतं. घरगुती उपायांवरच्या कितीतरी अभ्यासांत एवढंही नसतं. त्यामुळे हा पेपर टाकाऊ आहे असं मी म्हणत नाहीये. माझा आक्षेप त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे, म्हणजे खरं तर मी काढलेल्याच.

डोकेदुखीची गंमत अशी की ती आपोआपही उतरते. कॉक्रेनच्या आढाव्यात 50 मिग्रॅ सुमाट्रिप्टान घेतलेल्यांपैकी 57 टक्क्यांना दोन तासांत आराम पडला, पण प्लासिबो घेतलेल्यांपैकीही 32 टक्क्यांना पडला. म्हणजे औषधाची स्वतःची कमाई साधारण 25 टक्के अंकांची.

आता कागद-पेन घ्या. समजा, प्रत्येकी 50 जणांच्या दोन गटांत 60-60 टक्के लोकांना बरं वाटलं. फरक शून्य. पण या शून्याभोवतीचा 95 टक्के विश्वास-अंतराल काढलात तर तो साधारण उणे 19 ते अधिक 19 येतो. (आकडे माझे आहेत, पेपरमधले नाहीत. गणित करून बघा, दोन मिनिटांचं आहे.) म्हणजे सुंठ सुमाट्रिप्टानपेक्षा 19 अंकांनी कमी पडत असली, तरी एवढ्या छोट्या अभ्यासात ते सुटून जाऊ शकतं. आणि 25 मधून 19 गेले तर उरतं काय? ‘फरक आढळला नाही’ आणि ‘दोन्ही सारखेच’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं म्हणायचं तर किती फरक चालेल ते आधीच ठरवून, त्या हिशोबानं रुग्णसंख्या घ्यावी लागते.

प्लासिबो असला की काय होतं ते ब्राझीलमधल्या एका अभ्यासात दिसतं. तिथं मायग्रेन येऊच नये म्हणून 107 जणांना तीन महिने आल्याचा अर्क किंवा प्लासिबो दिला. दोन्ही गटांत त्रास कमी झाला, आणि आलं प्लासिबोपेक्षा सरस ठरलं नाही. प्रश्न वेगळा आहे हे मान्य, एकात चढलेलं दुखणं उतरवायचंय आणि दुसऱ्यात टाळायचंय. पण प्लासिबो नसता तर या पेपरवरही मी सहाणेचा फोटो लावला असता.

सगळ्यात लाजिरवाणी चूक तर कोणी विचारलीच नाही. पेपरमधली सुंठ पोटात घ्यायची होती, आजीची कपाळावर लावायची! लेपाबद्दल तो पेपर अवाक्षर बोलत नाही.

लेपाचा अभ्यास करायचा तर अडचण वासाची आणि चुरचुरण्याची. रुग्णाला लगेच कळणार, आपल्याला खरं मिळालंय की खोटं. यावर 1996 मध्ये जर्मनीत ग्योबेल आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली होती. कपाळाला लावायच्या पेपरमिंट तेलाची तुलना करताना त्यांनी प्लासिबोच्या द्रावणातही त्या तेलाचा अंश मिसळला, म्हणजे वासावरून ओळखायला नको. शिवाय पॅरासिटामॉलशीही तुलना होतीच. 41 रुग्ण, तणावाच्या डोकेदुखीचे 164 प्रसंग. तेल प्लासिबोपेक्षा सरस ठरलं. अभ्यास छोटा आहे, पण रचना बघाच.

हे सगळं मला नुसतं वादासाठी नकोय. माझी आई डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घेते. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. लेपामुळे तिच्या गोळ्या खरंच कमी होणार असतील तर ते मोठं काम आहे. नसतील, तर मी ‘आजी बरोबर होती’ म्हणत तिला डॉक्टरांपासून लांब ठेवतेय.

सध्या ती कॅलेंडरवर खुणा करते: गोळीचा दिवस गोल, लेपाचा दिवस फुली. गेल्या महिन्यात गोल 11 होते. फुल्या किती ते नीट मोजता येत नाही, कारण अर्ध्या गोलांच्या आतच फुली आहे.