पुजारी आणि पाखंडी
तंजावरकडील पापनाशमचे नाव लावणारे भक्तिपदकार शिवन आणि निरीश्वरवादी पेरियार, दोघेही १९७३ साली निवर्तले. या दोन प्रवाहांत केवळ वैरच पाहण्याची समीक्षेला जडलेली सवय उथळ आहे. करुणानिधींनी लिहिलेल्या 'पराशक्ती' (१९५२) या चित्रपटातील दुराचारी पुजारी हा ठोकळेबाजच. पण त्याच संहितेत नायक न्यायालयात सांगतो की, आपला विरोध देवळाला नसून त्याचा अड्डा करणाऱ्यांना आहे. लेखक स्वतः तत्कालीन तंजावर जिल्ह्यातला, देवळातील संगीताची परंपरा सांभाळणाऱ्या समाजातला. हे विसरून कसे चालेल? आपल्याकडे आगरकरांची तर जिवंतपणीच प्रेतयात्रा निघाली. नास्तिक म्हणजे नीतिभ्रष्ट, हा सनातन्यांचा साचा. आगरकरांच्या गद्यात मात्र नीतीविषयीची तळमळ जवळजवळ व्रतस्थाची आहे.