सोंग आणि ढोंग : मुखवट्याच्या कलेविषयी

सोंग आणि ढोंग हे दोन शब्द मराठीत इतके शेजारी शेजारी नांदतात की, त्यांच्यातील अंतर सहसा आपल्या ध्यानात येत नाही. 'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही,' असे आपण म्हणतो, तेव्हा सोंग म्हणजे फसवणूक असेच मनात धरून चालतो. ज्यांच्या बोलीत हा शब्द आजही कलेच्या अर्थाने जिवंत आहे, ते मात्र आपल्याच पालघर जिल्ह्यातील शेजारी आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील आदिवासी गावांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर गणपती येतो, रावण येतो, अखेरीस जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. मुखवटा चढवलेल्या प्रत्येक पात्राला तेथे 'सोंग' म्हणतात, आणि सोंग 'नाचवले' जाते. रावणाच्या मुखवट्याआड कोण आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कोणी फसत नाही, कोणाला फसवण्याचा हेतूही नसतो. सोंग घेतले जाते, नाचवले जाते आणि उजाडता उजाडता उतरवून ठेवले जाते. ढोंगाचे तसे नाही. ढोंग उतरत नाही.

हा भेद मुलांना शिकवण्याचे एक उत्तम साधन म्हणजे त्यांच्या हातून मुखवटा घडवून घेणे, असे आमचे मत आहे. आपल्या धर्मग्रामांत नाटके होतात, स्पर्धा होतात, बक्षिसे वाटली जातात. परंतु मुखवट्याचा विचार कलावस्तू म्हणून क्वचितच होतो. तो येथे करू पाहतो.

ख्रिस्ती परंपरेला मुखवट्याचे वावडे आहे, असा समज आहे आणि तो निराधार नाही. शुभवर्तमानात प्रभू येशू ज्यांना 'ढोंगी' म्हणतो, त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'हिपोक्रितेस' हा शब्द आहे, आणि त्याचा जुना अर्थ 'नट' असा आहे. ग्रीक नट मुखवटा लावूनच रंगभूमीवर येत असे. चव्हाट्यावर उभा राहून प्रार्थना करणारा माणूस प्रेक्षकांसाठी भूमिका वठवतो आहे, हे त्या शब्दातले चित्र मराठी भाषांतरात पुसले जाते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या शतकांच्या संधिकाळी कार्थेजच्या तेर्तुलियनने रंगभूमीवर कडक टीका लिहिली. मूर्ती घडवण्यास मनाई करणाऱ्या परमेश्वराला, त्याच्याच प्रतिमेने निर्मिलेल्या मानवी चेहऱ्याची नक्कल कशी आवडेल, असा त्याचा सवाल होता.

गंमत पुढेच आहे. पवित्र त्रैक्याचे रहस्य लॅटिनमध्ये मांडण्याची वेळ आली, तेव्हा याच तेर्तुलियनने पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यासाठी 'पेर्सोना' हा शब्द योजला. आणि पेर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा! सहाव्या शतकात बोएथियसने तर त्या शब्दाचा संबंध मुखवट्यातून घुमून येणाऱ्या आवाजाशी जोडला. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना पटो वा न पटो, तिच्यातले निरीक्षण मोलाचे आहे. मुखवटा चेहरा झाकतो, पण त्यातून आवाज बाहेर येतो. ज्या शब्दाने आज आपण माणसाची अनन्य प्रतिष्ठा सांगतो, त्या शब्दाचा जन्म रंगपटात झाला आहे, याचा विसर पडू नये.

मुखवटा माणसाला लपवतो की प्रकट करतो, हा प्रश्न विसाव्या शतकात नव्याने विचारला तो फ्रेंच दिग्दर्शक जॅक कोपो (1879–1949) यांनी. त्यांनी 1913 साली पॅरिसमध्ये व्ह्यू-कोलोंबिये हे नाट्यगृह उघडले. एका तालमीत एक अभिनेत्री संकोचाने पार गोठून गेली. कोपोंनी तिच्या चेहऱ्यावर एक हातरुमाल टाकला आणि तिचे शरीर एकदम मोकळे झाले. चेहऱ्याची ओशाळलेली धडपड झाकली गेली, तेव्हा हातपाय, पाठ, मान बोलू लागली. या अनुभवातून त्यांच्या नाट्यशाळेत मुखवट्याचे शिक्षण उभे राहिले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, तेथील विद्यार्थी शिल्पकार आल्बेर मार्क यांच्या मार्गदर्शनाखाली मुखवटे स्वतःच्या हातांनी घडवत. घडवणारा एक आणि वापरणारा दुसरा, अशी विभागणी तेथे नव्हती. कोपो पुढे 1925 च्या सुमारास कॅथलिक श्रद्धेकडे परतले आणि असिसीच्या संत फ्रान्सिसवर त्यांनी नाटकही लिहिले. सत्याचा इतका ध्यास असलेल्या या माणसाने मुखवट्याला असत्य मानले नाही, ही बाब तेर्तुलियनच्या वाचकांनी लक्षात घ्यावी.

घडवणे आणि वापरणे यांचे नाते किती बारीक असते, हे इटलीतील एका उदाहरणाने स्पष्ट होते. मिलान शहरातील पिकोलो तेआत्रो या संस्थेने 1947 साली जॉर्जिओ स्ट्रेहलर यांच्या दिग्दर्शनाखाली गोल्दोनीचे 'दोन धन्यांचा नोकर' हे नाटक रंगभूमीवर आणले. अर्लेक्कीनोची भूमिका करणाऱ्या मार्चेल्लो मोरेत्तीला मुखवटा नकोसा झाला. सुरुवातीचे ओबडधोबड मुखवटे घामाने भिजत, चेहऱ्याला बोचत. त्याने मुखवटा फेकून चेहरा काळा रंगवून घेणे पत्करले. मग आपल्या संत अंतोनीच्या पादुआ शहरातील शिल्पकार अमलेतो सार्तोरी (1915–1962) पुढे आले. लाकडात चेहरा कोरायचा, त्यावर ओले कातडे ताणायचे, शिंगाच्या हातोडीने ठोकून ठोकून ते लाकडाच्या प्रत्येक खळग्यात बसवायचे आणि वाळू द्यायचे, ही लुप्तप्राय झालेली विद्या त्यांनी पुन्हा हस्तगत केली. अर्लेक्कीनोसाठी मांजर, कोल्हा आणि बैल यांच्या वळणाचे निरनिराळे मुखवटे त्यांनी केले. मोरेत्तीने चपळ मांजराचा निवडला. अर्धा चेहरा झाकणारा, तोंड बोलण्यासाठी मोकळे ठेवणारा तो कातडी मुखवटा लावून तोच मोरेत्ती जगभर गाजला. मुखवटा नटावर लादला की ओझे होतो. नटाच्या हाडामांसाशी बोलून घडवला की त्याची दुसरी त्वचा होतो. कारागिराच्या कामाची ही कसोटी आम्हाला मान्य आहे.

याच पादुआत सार्तोरींची गाठ फ्रेंच नाट्यशिक्षक जॅक लकॉक यांच्याशी पडली. त्यांच्यासाठी सार्तोरींनी 'तटस्थ मुखवटा' घडवला : ना हसरा, ना दुःखी, ना कोणत्याही स्वभावाचा. लकॉक यांनी 1956 मध्ये पॅरिसला काढलेल्या शाळेत नवा विद्यार्थी आधी हा मुखवटा लावून शांत उभे राहायला, चालायला, समुद्राकडे पाहायला शिकतो. शिक्षणाची ही पायरी आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. पण तेथे एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. अगदी तटस्थ म्हणून घडवलेल्या चेहऱ्यालाही नाक असते, ओठ असतात, गालफडे असतात, आणि ती कोणत्या तरी एका मुलुखातली असतात. पादुआच्या शिल्पकाराला जो चेहरा 'कोणाचाच नाही' असा वाटला, तो मोखाड्याच्या वारली मुलाला परक्याचाच वाटेल. तटस्थतेचा दावा करणारा चेहराही कोणाचा तरी असतो, हे शिकवणाऱ्याने विसरू नये.

मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने याहून अधिक काही देणारे उदाहरण आपल्याच देशात आहे. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पात्रात माजुली नावाचे बेट आहे. संत शंकरदेवांच्या वैष्णव परंपरेतील 'सत्रे', म्हणजे मठ, तेथे आहेत. त्यांपैकी सामगुरी सत्र मुखवट्यांसाठी प्रसिद्ध आहे. 'भाओना' नावाच्या धार्मिक नाट्यप्रयोगांसाठी हे मुखवटे घडवले जातात. प्रथम बांबूच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा विणतात. त्यावर कुंभाराच्या मातीच्या राड्यात भिजवलेले सुती कापड चढवतात. मग माती आणि शेण यांच्या मिश्रणाने नाक, भुवया, गाल उठवतात, बांबूच्या कोरणीने घासून गुळगुळीत करतात, उन्हात वाळवतात आणि शेवटी रंगवतात. काही मुखवट्यांचा जबडा बोलताना हलतो. या सत्राचे हेमचंद्र गोस्वामी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2024 मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन लाभले. पुरस्कारांहून आम्हाला मोलाची वाटते ती तेथील शिकण्याची रीत. मुले मोठ्यांच्या शेजारी बसून बांबू तासायला, माती मळायला शिकतात. आणि ज्या कथेसाठी मुखवटा घडतो आहे, ती कथा त्यांच्या कानांवर रोज पडत असते. कला, कथा आणि उपासना यांची तेथे ताटातूट झालेली नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील बालनाट्ये पाहिली की उणीव जाणवते. नाताळच्या नाटकातील मेंढरे आणि हेरोदाचे शिपाई बाजारातून आणलेले प्लॅस्टिकचे मुखवटे घालून येतात. मुलाचा आवाज आत कोंडतो, डोळ्यांची भोके डोळ्यांसमोर येत नाहीत, आणि रबराची दोरी कानाला काचते. हौशी पालक सुंदर मुखवटा घरून करून पाठवतात, तेव्हा बक्षीस मुलाला मिळते आणि शिक्षण पालकाला. दोन्ही प्रकारांत मुखवटा पोशाखाचे एक अंग बनून राहतो.

खरे तर साधने आपल्या दाराशी आहेत. चिकणमाती, जुनी वर्तमानपत्रे आणि मैद्याची खळ, एवढ्यावर भागते. पाटावर मातीचा चेहरा उठवावा. त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्यावा, म्हणजे वाळल्यावर मुखवटा मातीपासून सुटतो. मग खळ लावलेल्या कागदाच्या चिंध्यांचे सहा-सात थर, आडवे आणि उभे, आलटून पालटून चढवावेत. कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळतात. कीड लागू नये म्हणून जुने कारागीर खळीत मोरचूद घालत. तो विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. मुलाच्या चेहऱ्यावर थेट प्लास्टर ऑफ पॅरिस थापण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. घट्ट होताना ते तापते आणि भाजू शकते. नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. संवाद बोलायचे असतील, तर मोरेत्तीसारखा अर्धा मुखवटा करावा; पूर्ण मुखवटा मूकनाट्यालाच शोभतो.

थर वाळायला दिवस लागतात, आणि या सक्तीच्या सबुरीतच बरेचसे शिक्षण आहे. सबंध चेहरा घडवायचा तर मुलाला चेहऱ्याकडे पाहावे लागते. आजीच्या कपाळावरची आठी कोठे सुरू होते? रागावलेल्या माणसाचे ओठ कसे आवळतात? माणूस हसतो, तेव्हा डोळ्यांखाली काय होते? दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे इतक्या आस्थेने पाहण्याची संधी आजच्या मुलांना क्वचितच मिळते. पुढे मुखवटा लावल्यावर त्यांना आणखी एक शोध लागतो : निर्जीव कागदाचा चेहरा मान खाली घातली की खिन्न दिसतो आणि हनुवटी वर केली की उजळतो. भाव पाहणाऱ्याला दिसतो तो मुखवट्यात. तो आणतो मात्र आतला माणूस.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. 'वाईट माणसाचा' मुखवटा करा म्हटले की, मुलांचे हात आपोआप काळ्या रंगाकडे, फेंदारलेल्या नाकाकडे, जाड ओठांकडे जातात. ही शिकवण त्यांना आपणच दिलेली असते. युरोपातील दुःखसहनाच्या नाटकांनी यहुद्यांना विद्रूप करून दाखवण्याचे पाप शतकानुशतके केले. जर्मनीतील ओबरामरगाऊच्या प्रसिद्ध प्रयोगात यहुदी याजकांच्या डोक्यावर शिंगांच्या टोप्या असत; त्या पुढे काढून टाकण्यात आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1965 साली प्रभूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवण्यास नकार दिला, त्यानंतरही त्या नाटकाला स्वतःला सुधारायला वर्षे लागली. आपल्या नाटकांतील सैतान कोणाच्या रंगाचा असतो आणि देवदूत कोणाच्या, हे प्रत्येक धर्मग्रामाने एकदा तपासून पाहावे. मुखवट्याची कार्यशाळा ही अशा तपासणीची उत्तम जागा आहे, कारण मनातला पूर्वग्रह तेथे मातीत उमटून सर्वांसमोर पाटावर येतो. शिक्षकाने तेव्हा मुलाला रागावू नये. 'या माणसाची आई त्याच्याकडे पाहते, तेव्हा तिला काय दिसत असेल?' एवढे विचारावे आणि माती पुन्हा मळायला द्यावी.

म्हणून बालनाट्यांचे परीक्षण करणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. मुखवटा किती देखणा आहे, यावर गुण देऊ नयेत. तो मुलाने स्वतः घडवला आहे काय, त्यातून मुलाचे शरीर बोलते काय, आणि ज्याचा तो चेहरा आहे त्याच्याविषयी घडवणाऱ्याला काही आस्था होती काय, हे तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग संपल्यावर मुलांनी मुखवटे प्रेक्षकांसमोरच उतरवावेत, पडद्याआड नव्हे. घामेजलेला खरा चेहरा आणि हातातला कागदी चेहरा, दोन्ही एकाच वेळी सर्वांना दिसावेत. सोंग उतरवता येते, हे ज्याने लहानपणी स्वतःच्या हातांनी अनुभवले आहे, त्याला पुढे प्रार्थनेच्या वा प्रतिष्ठेच्या चव्हाट्यावर उभे राहताना, आपल्या चेहऱ्यावर काही चढले आहे काय, हे चाचपून पाहण्याची सवय लागते.