वंशावळीची चिकित्सा : राउंड आणि स्पेन्सर घराणे

इंग्लंडमधील उमराव घराण्यांच्या वंशावळी हा इतिहाससाधनांचा एक विपुल, पण निसरडा वर्ग होय. जॉन बर्क याचा उमराव-कोश १८२६ साली प्रथम प्रसिद्ध झाला, आणि घराण्यांच्या दंतकथांना छापील ग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. एडवर्ड फ्रीमन याने १८७७ साली एका लेखात या कल्पित वंशावळींवर कठोर टीका केली. तथापि कागदोपत्री पुराव्याने एकेक वंशावळ तपासून पाहण्याचे काम जॉन होरेस राउंड (१८५४–१९२८) याने केले. हेस्टिंग्जच्या लढाईविषयी फ्रीमनशी हाडवैर धरणारा हाच संशोधक या एका बाबतीत त्याचा वारस ठरावा, हा योगायोग लक्षणीय आहे. राउंडच्या १९०१ सालच्या निबंधसंग्रहातील स्पेन्सर घराण्यावरील निबंधात त्याच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट दिसतात.

ऑल्थॉर्पच्या स्पेन्सरांचा दावा असा की, आपण मध्ययुगीन डिस्पेन्सर उमरावांचे वंशज. दुसऱ्या एडवर्डचे कृपापात्र असलेले आणि १३२६ साली वध पावलेले ह्यू डिस्पेन्सर पितापुत्र याच घराण्यातले. या दाव्याला अधिकृत रूप देणारी वंशावळ रिचर्ड ली या हेरल्डने, म्हणजे दरबारी कुलचिन्हाधिकाऱ्याने, १५९५ च्या सुमारास सिद्ध केली. राउंडने दाखविले ते हे की, लीने जुन्या दप्तरांतून त्या नावाच्या निरनिराळ्या व्यक्ती वेचल्या आणि पुरावा नसता त्यांना बापलेकांच्या नात्याने एकत्र ओवले. माणसे खरी, नाती खोटी. मुळात ‘डिस्पेन्सर’ हे कोठीवरील अधिकाऱ्याचे पदनाम होय. सर्व कुलकर्णी ज्याप्रमाणे एका कुळातले ठरत नाहीत, त्याचप्रमाणे सर्व स्पेन्सरही एका वंशाचे ठरत नाहीत.

राउंडचा निर्णायक पुरावा कुलचिन्हाचा आहे. १५०४ साली जॉन स्पेन्सर याला नवे कुलचिन्ह देण्यात आले. त्यावर समुद्रपक्ष्यांची सहा शिरे होती. प्राचीन उमरावांचे चिन्ह ज्याच्याकडे वंशपरंपरेने चालत आले आहे, त्याला नवे चिन्ह मागून घेण्याचे प्रयोजन काय? पुढे या घराण्याने ते चिन्ह मागे सारले आणि डिस्पेन्सरांचे चिन्ह तीन शिंपल्यांची भर घालून धारण केले. ती शिंपल्यांची भर धाकट्या शाखेची खूण म्हणून शोभून दिसे. दाव्याचे खंडन दावेदाराच्याच कागदांतून व्हावे, ही राउंडच्या पद्धतीची खरी शक्ती होय. डेन्बीच्या फील्डिंग अर्लांचा हॅप्सबर्ग राजवंशाशी जोडलेला संबंध त्याने असाच निकालात काढला. गिबनसारख्या इतिहासकारानेही तो संबंध खरा मानून कादंबरीकार हेन्री फील्डिंगचा गौरव केला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या चिकित्सेची आवश्यकता पटते.

येथवर राउंडचे म्हणणे निरपवाद आहे. परंतु त्याची दृष्टी न्यायाधीशाची आहे. लबाडी सिद्ध झाली आणि लबाडी करणारा सापडला की खटला संपतो. वस्तुतः खोटी वंशावळ हेही एक साधनच असते. ती ज्या काळाविषयी बोलते त्याचे नव्हे, तर ज्या काळात रचली गेली त्याचे. जमिनी नव्या हातांत जात होत्या, लोकरीचा पैसा वाढत होता, आणि जुन्या रक्ताची मागणीही त्याच वेळी वाढली. १५३० ते १६८८ पर्यंत हेरल्ड परगण्यापरगण्यांतून फिरून कुलचिन्हांची तपासणी करीत. ज्यांच्या हक्काची शहानिशा करावयाची, त्यांच्याकडूनच त्यांना शुल्क मिळे. अशा व्यवस्थेत लीसारखा अधिकारी हा अपवाद मानता येत नाही. लॉरेन्स स्टोन याने १९६५ साली उमराव वर्गावरील ग्रंथात या सामाजिक बाजूचे विवेचन केले. राउंडच्या निबंधात ती बाजू जवळजवळ नाही.

स्पेन्सरांचा खरा उत्कर्ष मेंढ्यांवर झाला. जॉन स्पेन्सरने १५०६ मध्ये वॉरिकशरमधील वर्मलेटन आणि १५०८ मध्ये नॉर्दॅम्प्टनशरमधील ऑल्थॉर्प विकत घेतले. हा उत्कर्ष राउंडने नोंदविला आहे, आणि कल्पित कथेहून तो अधिक मनोवेधक आहे हेही त्याने ओळखले आहे. पण वर्मलेटनची दुसरी एक कथा आहे. स्पेन्सरच्या आधीच्या मालकाने, विल्यम कोपने, पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथील शेतांना कुंपण घालून कुळांना उठविले होते. १५१७ साली सरकारी चौकशी सुरू झाली, तेव्हा आपण घरे बांधली, झाडे लावली, चर्चची व्यवस्था केली, अशी कैफियत स्पेन्सरला द्यावी लागली. लीच्या वंशावळीने मेंढपाळ पूर्वज झाकले, हे राउंड सांगतो. तिने उठविलेली कुळेही झाकली, हे तो सांगत नाही. लोकरीचा धनी प्राचीन उमराव ठरला की त्याची संपत्ती कोठून आली, हा प्रश्नच उरत नाही.

तरीही समकालीन जन या वंशावळीने फसले नव्हते. १६२१ साली उमरावांच्या सभागृहात अरंडेलच्या अर्लने लॉर्ड स्पेन्सरला त्याच्या मेंढपाळ पूर्वजांवरून टोमणा मारला. त्या काळी तुमचे पूर्वज राजद्रोहाचे बेत करीत होते, असे त्याला प्रत्युत्तर मिळाले. क्षमा मागण्यास नकार दिल्यामुळे अरंडेलला टॉवरच्या बंदीत जावे लागले. लीची वंशावळ हाताशी असूनही भरसभेत स्पेन्सरने तिचा आधार घेतला नाही. त्याने मेंढ्या मान्य केल्या.

या घराण्याच्या पुढील इतिहासातही हाच विनोद आहे. ब्लेनहाइमचा विजेता मार्लबरो याचा उरलेला एकमेव पुत्र १७०३ साली वारला. म्हणून १७०६ च्या कायद्याने त्याची पदवी कन्यांकडेही जाईल अशी तरतूद करण्यात आली. १७३३ मध्ये ती कन्येच्या पुत्राकडे, म्हणजे एका स्पेन्सरकडे आली. ‘स्पेन्सर-चर्चिल’ हे जोडनाव १८१७ मधले. विन्स्टन चर्चिल यांनी १९३३ ते १९३८ या काळात आपल्या ज्या सेनानी पूर्वजाचे चार खंडांत चरित्र लिहिले, तो त्यांना कन्येच्या बाजूने लाभलेला आहे. पुरुषपरंपरेने ते वर्मलेटनच्या मेंढ्यांच्या धन्याचे वंशज ठरतात.

राउंडने खोटे नाते तोडले, हे त्याचे ऋण संशोधकांवर कायमचे आहे. मात्र तोडलेला धागा फेकून न देता तो कोणी, केव्हा आणि काय झाकण्यासाठी विणला हे विचारणे, हे त्याच्या पुढचे पाऊल होय. ते टाकल्यावाचून वंशावळीची चिकित्सा घराण्याच्या दाराशीच थांबते; गावापर्यंत पोहोचत नाही.